पासबुकांना घातलेली कव्हरं

बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती टक्के?"

मी म्हणायचे, "टक्के नाहीत."

"म्हणजे?"

"व्याज नाहीच. घेत पण नाहीत, देत पण नाहीत."

मग त्या माझ्याकडे आणि माझ्या कडेवरच्या चिमीकडे अशा बघायच्या, जणू बिचारीला कुणीतरी फसवून या कामाला लावलंय.

ते काम मला चौगुलेचाचांनी दिलं. चाचा म्हणजे इस्माईल चौगुले. मूळचे चिपळूणकडचे, घरात कोकणी बोलणारे. माझे बाबा आणि ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एकाच शॉपला होते. रिटायर झाल्यावर लोक गावाला घर बांधतात, चाचांनी स्टेशनच्या पूर्वेला एक गाळा घेतला आणि बिनव्याजी पतपेढी काढली. त्यांच्या धर्मात व्याज चालत नाही. शेजारी उल्हासनगर, जिथे महिन्याला शेकडा पाच रुपयांनी पैसा फिरतो, आणि हा माणूस म्हणतो व्याज नको. लोक हसले.

चाचा मला मात्र नीट समजावून सांगायचे. "हे बघ वेणू, बाईला शिलाई मशीन हवंय. आपण तिला पैसे द्यायचे नाहीत. आपण मशीन विकत घ्यायचं. ते आपलं झालं. मोडलं तर आपलं मोडलं. मग तिला सांगायचं, बाई, मला इतक्याला पडलं, त्यावर इतका नफा धरला, कबूल आहे का? तिने कबूल म्हटलं की विकलं. पुढे हप्ता चुकला तरी आकडा वाढणार नाही."

"आणि बायकांनी पैसे का ठेवायचे तुमच्याकडे?"

"सहा महिने थोडे थोडे ठेवतील त्यांनाच मशीन. आणि ठेवलेले मागतील तेव्हा परत."

मेंबर होते ते सगळे त्यांच्या मोहल्ल्यातले. चाचांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. म्हणायचे, "व्याजाने काय फक्त मुसलमान मरतो?" म्हणून त्यांनी मला बोलावलं. महिना चारशे रुपये. चिमी तेव्हा चार महिन्यांची होती. रुकय्याचाचींनी, त्यांच्या बायकोने, गाळ्याच्या आढ्याला आपल्या जुन्या साडीची झोळी बांधली. मी पावत्या लिहायचे आणि चाची एका हाताने झोळीला झोका देत दुसऱ्या हाताने तांदूळ निवडायच्या. माझ्या लेकीला एवढी शांत झोप आमच्या घरीसुद्धा लागत नव्हती.

आमच्या बौद्ध आळीतल्या सहा-सात बायका सासूबाईंच्या शब्दावर मेंबर झाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. "भीमरावांचा, तुझ्या बाबांचा, दोस्त आहे ना तो? मग झालं," त्या म्हणाल्या, आणि भाजीच्या पैशांतले वाचवलेले वीस रुपये माझ्यापुढे ठेवले.

पुढच्या आळीत मात्र गाडी अडली. चांगुणाबाईंनी पासबुक हातात घेतलं. हिरवा पुठ्ठा, वर चंद्रकोर, खाली पतपेढीचं नाव, आधी मराठीत आणि मग उर्दूत. त्यांनी ते गरम तव्यासारखं खाली ठेवलं.

"वेणू, ही त्यांची गं."

"कुणाची?"

"उगाच कळत नसल्यासारखं करू नकोस. घरात येऊन मिस्टरांनी हे पुस्तक बघितलं तर मलाच बाहेर काढतील."

मुंबईतल्या दंगलींना दोनच वर्षं होत आली होती. त्या आळीत एकही बाई आली नाही. दुसऱ्या आळीतल्या तिघी हो म्हणाल्या होत्या, त्यांनीही निरोप पाठवला, नको. महिना संपला तेव्हा माझ्या वहीत एकही नवं नाव नव्हतं. चाचांनी पगार दिला, वर म्हणाले, "पोरीला घेऊन उन्हात फिरतेस, जपून." एवढ्या चांगुलपणाने मला रडूच आलं. हे चारशे रुपये मी कशाचे घेते आहे?

सुदामच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पुतण्याच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालून उरलेला खाकी कागद घरात होता. त्या रविवारी मी चाळीस कोऱ्या पासबुकांना कव्हरं घातली. चारी बाजूंनी दुमडून, आतून खळ लावून, की सहज निघू नयेत. वर शाळेच्या वहीला लावतात तशी नावाची चिठ्ठी. आतल्या पानांवर फक्त रकाने होते, चंद्रकोर काय ती पुठ्ठ्यावर. कव्हर घातलं की ती पतपेढी कुणाचीच नव्हती.

कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "पासबुकं मळतात ना, म्हणून."

मी पालेगावच्या बाजूला वळले. तिथे भागीरथीबाई राहायच्या, गुहागरकडच्या. त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी विचारलं, "कुणाची गं ही पतपेढी?"

"चौगुलेसाहेबांची. ऑर्डनन्समधून रिटायर झाले ते."

"कुठले चौगुले?"

"चिपळूणकडचे."

"अगो, मग आमच्याच बाजूचे!" त्या खुश झाल्या. आत जाऊन चहा टाकला, चिमीच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. चहा गोड होता आणि तो मी सगळा प्याले.

तीन महिन्यांत आमच्या आळीतल्या धरून एक्केचाळीस बायका झाल्या. भागीरथीबाई स्वतः माझ्याबरोबर चार घरी आल्या. पालेगावच्या बनूबाई आल्या. शेती होती, अर्धी प्लॉटवाल्याला गेलेली. त्यांच्या अंगणात उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे यायचे, धागे कापायला. त्यांना कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन हवं होतं. धागे कापण्यापेक्षा शिवणीला जास्त पैसे मिळतात. मी बायकांच्या घरी जाऊन पैसे गोळा करत होते, त्यामुळे गाळ्यावर कुणाला यावं लागत नव्हतं. चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या वेणूनं केलं हे." तेव्हा मी चिमीचं नाक पुसायचे, नाक वाहत नसलं तरी.

मार्चमध्ये चाचांचा पुतण्या आरिफ लंडनहून आला. कल्याणला कुणाचं तरी लग्न होतं. तो तिथे अशाच एका कंपनीत होता, गोऱ्यांच्या शहरात लोकांना बिनव्याजी घरं घेऊन देणाऱ्या. चाचांचा उत्साह बघवत नव्हता. बनूबाईंचे सहा महिने पुरे झाले होते. ते आरिफला म्हणाले, "तू कागदावर करतोस ते इथे डोळ्यांनी बघ."

मशीन घ्यायला आम्ही तिघं रिक्षाने उल्हासनगरला गेलो, दोन नंबर कॅम्पच्या बाजारात. दुकानदार सिंधी सेठने विचारलं, "साईं, बिल किसके नाम?"

"मेरे नाम," चाचा म्हणाले. बिल हातात आल्यावर त्यांनी मशीनवर तळहात ठेवला, "बिस्मिल्ला" म्हणाले आणि आरिफकडे बघून हसले. "आता हे माझं. रस्त्यात पडलं तर माझं पडलं."

आरिफ मला म्हणाला, "चाचा इज सो प्युअर, ना? आमच्याकडे हे सगळं वकील करतात."

परतताना चाचा म्हणाले, "वेणू, शुक्रवारी सगळ्या बायकांना गाळ्यावर बोलाव. बनूबाईला सगळ्यांसमोर मशीन देऊ."

गाळ्यावर पाटी होती, तीच चंद्रकोर. मी म्हटलं, बायकांना एवढ्या लांब जमणार नाही. चाचा म्हणाले, "मग आपण जाऊ पालेगावला. त्यात काय!"

गुरुवारी मी चाचींना गाठलं. चाचा मागे फोनवर होते. झोळीची दोरी उगाच ताणत मी म्हटलं, "चाची, उद्या चाचांना... टोपी न घालता यायला सांगाल?"

चाचींच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी विचारलं नाही, का. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग सूप पुन्हा हलवत म्हणाल्या, "सांगते."

शुक्रवारी चाचा आरिफला घेऊन आले. पांढरा शर्ट, पायजमा, डोकं उघडं. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. केस विरळ होते, आणि इतक्या वर्षांच्या टोपीने डोक्याभोवती केसांत एक गोल खूण पडली होती. मी तिच्याकडे बघायचं नाही म्हणून सारखी मशीनच्या खोक्याकडे बघत होते.

बनूबाईंनी अंगण सारवलं होतं. बायका आपापली खाकी पासबुकं घेऊन बसल्या होत्या, शाळेतल्या पोरींसारख्या. चाचांनी एक उचललं, उलटंपालटं केलं, कव्हरची कड नखाने चाचपून पाहिली आणि जागेवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

भागीरथीबाई पुढे सरकल्या. "आमच्या गुहागरच्या अलीकडचे ना तुम्ही? कुठली वाडी?"

"खाडीकाठची," चाचा म्हणाले.

"मग होळीला पालखी नाचवायला जात असाल की!"

चाचा हसले. कसनुसं. त्यांनी मशीनवर हात ठेवला, ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग मोठ्याने म्हणाले, "बनूबाई, हे मला एवढ्याला पडलं, त्यावर नफा एवढा धरलाय. कबूल?"

"कबूल, साहेब! चारदा कबूल!" बायका हसल्या.

आणि मग बनूबाईंनी आतून ताट आणलं. हळद, कुंकू, नारळ. घरात नवं मशीन येतं तेव्हा असं करतातच, हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांनी मशीनला कुंकू लावलं. आणि तेच बोट घेऊन त्या चाचांकडे वळल्या. लक्ष्मी घेऊन आलेल्या माणसाला कसं वगळायचं!

एक शब्द पुरला असता. "बनूबाई, थांबा." मला तो शब्द सुचला होता, अगदी जिभेवर होता. चिमीने माझी वेणी ओढली आणि मी तिची मूठ सोडवायला मान खाली घातली. चिमीवर ढकलायला नको. मी मान मुद्दाम खाली घातली.

वर पाहिलं तेव्हा चाचांच्या कपाळावर, टोपीची खूण सुरू होते त्याच्या जरा खाली, लालभडक कुंकू होतं. ते ताठ बसले होते. बनूबाईंना नाही म्हटलं असतं तर भर अंगणात त्यांचा अपमान झाला असता, आणि माझंही पितळ उघडं पडलं असतं. नारळाचा तुकडा त्यांनी हातात घेतला, रुमालात बांधला.

रिक्षात बसल्यावरही पालेगाव मागे पडेपर्यंत त्यांनी कुंकू तसंच राहू दिलं. मग खिशातून दुसरा रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. घासून नाही. लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, हळू.

आरिफ मात्र रंगात आला होता. गाळ्यावर येऊन त्याने खुर्ची ओढली. "वेणू, ती कव्हरं तुझी आयडिया? यू आर अ जीनियस! चाचा, तुम्हाला माहितेय, लंडनमध्ये आम्ही एक्झॅक्टली हेच करतो. पहिल्या ब्रोशरवर मशीद होती, कुणी हात लावेना. आता एक गोरी फॅमिली, मागे बाग, एक कुत्रा. 'इस्लामी' हा शब्द शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. मीटिंगला जाताना मी दाढी काढली. धंदा तिप्पट!" तो माझ्याकडे वळला. "तुला कुणी शिकवलं हे?"

त्याने मनापासून कौतुक केलं होतं. माझे कान इतके तापले, की मी पदर वर घेतला.

चाचा म्हणाले, "आरिफ, जरा बाहेर जाऊन चहा सांग."

तो गेल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक खाकी पासबुक ठेवलं.

"आमच्यात विकणाऱ्याने मालाचा ऐब आधी सांगायचा असतो. ऐब म्हणजे खोट. कापडाला भोक असेल तर दाखवून विकायचं. लपवून विकलं तर तो सौदाच नव्हे." त्यांनी कव्हरवर बोट टेकवलं. "हे तू बांधून काय लपवलंस, वेणू? माझा कुठला ऐब?"

मी म्हणाले, "तुमच्यासाठीच केलं, चाचा. नाहीतर कुणी आलं नसतं."

"नसतं आलं," ते म्हणाले. रागावले नाहीत. "आता घरोघर जा. प्रत्येकीसमोर कव्हर काढ आणि पुन्हा विचार, कबूल आहे का. जिला नको तिचे पैसे त्याच दिवशी परत."

मी गेले. त्याबद्दल मोठेपणा नाही, न जाण्याची सोयच नव्हती. खळ पक्की बसली होती, कव्हर फाडावं लागायचं, आणि फाटताना हिरवा पुठ्ठाही कुठे कुठे सोलून निघायचा. चौदा जणींनी पैसे परत घेतले. काहींनी नुसते खांदे उडवले. "मला काय, मशीन मिळाल्याशी कारण." भागीरथीबाईंनी पैसे मोजून घेतले आणि म्हणाल्या, "ते कोण आहेत ते राहू दे बाजूला. पण तू माझ्या घरात बसून चहा प्यालीस, आणि मी तुझ्यासाठी चार उंबरे झिजवले. तेव्हा तुला बोलावंसं वाटलं नाही?"

बनूबाईंनी तर आपलं कपाळच धरलं. "अगो बाय! त्या मानसाच्या कपालाला मी कुंकू लावलं! कनाला बोलली नाय तू? तो बी बसून रावला. मी त्याचा धरम बुडवला गं, तुज्यापायी." पैसे त्यांनी मागितले नाहीत. मशीन चालू होतं. पण त्या दिवसापासून मी गेले की त्या चिमीशी बोलतात, माझ्याशी नाही.

भागीरथीबाई आमच्या दारात येऊन आत्याबाईंनाही सगळं सांगून गेल्या. संध्याकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या. पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "या आळीत यायच्या आधी आपण ती दुसरी खोली बघितली तेव्हा सुदाम फक्त पहिलं नाव सांगत होता. मी मालकाला मुद्दाम पुरं नाव सांगितलं. द्यायची तर दे, नाहीतर पुढचं दार बघू म्हणाले. तू होतीस की तिथं."

मी होते. मला त्या तेव्हा किती आवडल्या होत्या!

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. चाचांना कव्हरांचं कळलं होतं, शिक्षा झाली होती, मी कामावर होते. पण टोपीचं त्यांना कळलं नव्हतं. चाचींनी निरोप माझ्या नावाने दिलाच नव्हता.

हे मला दोन आठवड्यांनी समजलं. गाळ्यात काहीतरी बदललं होतं. चाचा आत आले की चाची उठून मागे जायच्या. डबा यायचा, पण चाचा उघडून एकटेच खायचे. एक दिवस झोळीला झोका देता देता चाची आपण होऊन बोलल्या, हळू आवाजात, चिमीला गोष्ट सांगावी तसं.

"मी सांगितलं त्यांना, उन्हाचं आहे, टोपी राहू दे. ते बरं म्हणाले. घरी आले आणि पाण्याने तोंड धुतलं, खूप वेळ. मग म्हणाले, रुकय्या, चाळीस वर्षं झाली लग्नाला, तुला माझी लाज कधीपासून वाटायला लागली?"

"तुम्ही सांगितलं नाही? मी म्हटलं होतं म्हणून?"

"तुझी नोकरी जाईल. पोर लहान आहे." त्यांनी झोळीत डोकावून पाहिलं. "माझ्याशी बोलतील हळूहळू. जातात कुठे!"

मी त्या दिवशीही गप्प राहिले, आणि त्यानंतरचे आठ दिवसही. रोज ठरवायचे आणि रोज पावत्यांत मान घालायचे. चारशे रुपयांत चिमीचं दूध होतं, आत्याबाईंचं औषध होतं. सुदामची कंपनी तेव्हा महिन्यातले दहाच दिवस चालत होती. ही सगळी कारणं खरी आहेत. खरी कारणं हाताशी असली की गप्प राहणं फार सोपं जातं.

नवव्या दिवशी चाचींनी चाचांपुढे चहाचा कप ठेवला. चाचांनी वर न बघता तो बाजूला सारला. एवढंच. कप लवंडला नाही की काही नाही. पण चाची रिकामी बशी हातात घेऊन क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. बशी कुठे ठेवायची ते कळत नसल्यासारख्या.

मी म्हणाले, "चाचा, टोपीचा निरोप माझा होता."

त्यांनी मान वर केली.

"चाचींनी नाही. मी. त्यांना मी सांगायला लावलं. बायकांना कळू नये म्हणून. आणि बनूबाई कुंकू घेऊन आल्या तेव्हा मी थांबवू शकत होते. मी पाहिलं होतं. मुद्दाम खाली बघितलं."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरून आत पाहिलं आणि पुन्हा घातली. मग ते चाचींकडे वळले. इतका वेळ, इतके दिवस, ते तिकडे वळलेच नव्हते.

"तू बोलली का नाहीस?"

चाची म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगून टाकलंत, मला लाज वाटते म्हणून."

चाचा खाली बघत राहिले. त्यांच्याइतक्या वयाच्या माणसाला लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही माझ्यामुळे.

"चहा गार झाला," चाची म्हणाल्या. "दुसरा ठेवते."

"बस तू," चाचा म्हणाले. "मी ठेवतो."

ते मागे गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा, मग पुन्हा काडी ओढल्याचा. त्यांना तो पेटवता येत नव्हता. चाची उठल्या नाहीत. पदराने डोळे टिपत हसत होत्या. मी माझी वही आणि पिशवी आवरायला घेतली, कारण आता इथे थांबायचं की जायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मागून चाचांनी विचारलं, "वेणू, साखर किती घालतात गं तीन कपांना?"